नऊ महिने घरगुती टिश्यू कल्चर किट वापरल्यानंतर

टिश्यू कल्चर म्हणजे रोपाचा छोटा तुकडा बंद बरणीत, जंतुविरहित पोषक जेलीवर (तिलाच माध्यम म्हणतात) वाढवून त्यापासून नवीन रोपं करणं. किट घेतलं ते स्टीव्हियासाठी, म्हणजे गोड पानांच्या वनस्पतीसाठी. बियांपासून स्टीव्हिया करायचा तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा हाताला लागली जेमतेम दोन-चार रोपं, तीही एकमेकांसारखी नव्हती. एका चांगल्या गोड रोपाच्या तंतोतंत तशाच प्रती हव्या होत्या, म्हणून इकडे वळले. आज खिडकीत त्या एका रोपाची ३१ रोपं उभी आहेत, त्यामुळे मूळ काम झालं असं मी म्हणेन. पण तिथपर्यंत पोचताना जे कळलं त्यातलं बरंचसं सोबतच्या पुस्तिकेत नव्हतं.

किटमध्ये एमएस माध्यमाची पावडर, अगार, संप्रेरकांच्या दोन छोट्या बाटल्या (कोंबांसाठी बीएपी आणि मुळांसाठी आयबीए), माध्यमात मिसळायचं जंतुरोधक द्रावण, चिमटा, स्काल्पेल, झाकणाच्या बरण्या आणि पीएचच्या पट्ट्या आल्या. एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग. दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं हे क्षारांचं मिश्रण आजही बहुतेक वनस्पतींना चालतं. लिटरला ३० ग्रॅम साखर आणि सात-आठ ग्रॅम अगार घातलं की माध्यम तयार. पावडरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पट्ट्यांबद्दल मात्र आहे. माध्यमाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.७ ते ५.८ लागतो. या पट्ट्यांवर ५ आणि ६ यांमधला रंग नीट ओळखताच येत नाही. दुसऱ्या खेपेला माझं माध्यम गोठलंच नाही, बरणी तिरकी केली की हलत होतं. कारण शोधायला दोन दिवस गेले. पीएच फार खाली गेला की तापवल्यावर अगार धड धरत नाही. छोटा डिजिटल मीटर घेतला आणि तो प्रश्न संपला.

आता बुरशी. पहिल्या १२ बरण्यांपैकी ९ सहा दिवसांच्या आत गेल्या. कुकरमध्ये माध्यम उकळलं म्हणजे झालं असं मी धरून चालले होते. आतली हवा आधी वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायची, मग दाब पूर्ण भरू द्यायचा, आणि तिथून पुढे २० मिनिटं मोजायची. दाब पूर्ण भरला की तेव्हा कुठे १२१ अंशांपर्यंत तापमान जातं. यानंतर नुसतं माध्यम भरून ठेवलेल्या बरण्या आठवडाभर स्वच्छ राहिल्या, म्हणजे दोष आता फांदीकडे आणि माझ्या हातांकडे होता. फांदी आधी वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, मग ब्लीचच्या सौम्य द्रावणात साबणाच्या दोन थेंबांसह १० ते १२ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा धुणं. साबण महत्त्वाचा, कारण पुदिन्याच्या (स्टीव्हियाबरोबर तोही करून पाहिला) लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि तिथे ब्लीच पोचतच नाही. कापताना पेरावरचा डोळा शाबूत ठेवायचा, ब्लीचने पांढरी पडलेली टोकं काढून टाकायची. पाचव्या खेपेला १२ पैकी १० टिकल्या.

एक गोष्ट पुस्तिकेत धोकादायक आहे. प्लास्टिकच्या बंद पेटीत अल्कोहोल फवारा आणि तिथेच स्पिरिटच्या दिव्यावर हत्यारं तापवा, असं त्यात लिहिलंय. कृपा करून असं करू नका. अल्कोहोलची वाफ भरलेल्या पेटीत ज्योत नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी हत्यारं कागदात गुंडाळून कुकरमध्येच निर्जंतुक करते आणि प्रत्येक बरणीला नवीन जोडी घेते.

संप्रेरकाचं प्रमाणही सगळ्या वनस्पतींना एकच दिलंय, लिटरला २ मिलिग्रॅम बीएपी. स्टीव्हियाला ते कसंबसं चाललं. पुदिन्याचे कोंब फुगीर, पारदर्शक, काचेसारखे झाले. अशी पानं पुढे मातीत तगत नाहीत. ०.५ वर आणलं, झाकण थोडं हवा खेळेल असं बदललं, आणि पानं पुन्हा नेहमीसारखी आली. ब्राह्मीला तर संप्रेरकाशिवायही कोंब आणि मुळं दोन्ही फुटली. नवीन माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. रोझमेरी सर्वांत अवघड: कापलेल्या जागेतून तपकिरी द्रव झिरपतो आणि तुकडा त्यातच मरतो. दर दोन-तीन दिवसांनी ताज्या माध्यमात हलवत राहिले तेव्हा दोन तुकडे वाचले. तुळशीसाठी हा खटाटोप करू नका, तिचं बी आठवड्यात उगवतं.

खोक्यावर ‘रोगमुक्त रोपे’ असं छापलंय, ते मला खटकतं. विषाणू काढायचे तर कोंबाच्या अगदी टोकाचा, मिलिमीटरच्या अंशाएवढा भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढावा लागतो. पेराचा तुकडा घेतला की त्यातले विषाणू बरणीत येतातच. आतल्या जिवाणूंचंही तेच. माझ्या पुदिन्याच्या चार बरण्या दोन महिने स्वच्छ दिसत होत्या. जंतुरोधक द्रावण थांबवल्यावर तिसऱ्या आठवड्यात बुडाशी दुधाळ वलय दिसलं.

सर्वांत जास्त जीव मात्र शेवटच्या टप्प्यावर जळला. मुळं आलेली १४ रोपं कुंडीत लावली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ११ माना टाकून पडलेली. बरणीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट बनलेला नसतो, त्यांची रंध्रंही वेळेवर मिटत नाहीत, त्यामुळे बाहेर येताच पाणी उडून जातं. पुस्तिकेत यावर दोनच ओळी आहेत. आता मी मुळांचं अगार कोमट पाण्यात पूर्ण धुते (साखर राहिली की बुरशी येतेच), ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये (नारळाचा भुसा आणि हलके पांढरे खडे) लावते आणि वर पारदर्शक झाकण ठेवते. तिसऱ्या दिवसापासून ते रोज थोडं थोडं जास्त वेळ उघडायचं. तीन आठवडे लागतात. शेवटच्या खेपेत २० पैकी १७ जगली.

बरणीतली पानं खुडून वापरू नका, त्यात संप्रेरक आणि जंतुरोधक असतं. मी मातीत दोन-तीन महिने नवी वाढ झाल्यावरच खुडते. ब्राह्मी औषध म्हणून वापरायची असेल तर एक लक्षात घ्या: तिच्यातलं औषधी द्रव्य प्रकाश, वय, हंगाम यांप्रमाणे बदलतं आणि ते घरी मोजता येत नाही.

सध्या हळदीवर काम चालू आहे. कंद मातीतला, त्यामुळे २० डोळ्यांपैकी १९ बरण्या बुरशीने गेल्या. विसाव्या बरणीत कालपासून दुसरा कोंब दिसतोय.