बी.कॉम. आणि सीए फाउंडेशनच्या गणितासाठी साधा १२ अंकी कॅल्क्युलेटर : माझा रिव्ह्यू

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, मुलीने कॉमर्स घेतलंय, गणित पण आहे, सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन टाकू का? माझं उत्तर ठरलेलं आहे. सायंटिफिक राहू दे, साधा टेबलावरचा १२ अंकी घ्या, मोठी बटणं, मोठा डिस्प्ले, जीटी (ग्रँड टोटल, म्हणजे प्रत्येक = च्या उत्तरांची आपोआप होणारी बेरीज) आणि वर्गमूळवाला, दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो ना तसला. कॅसिओ, सिटिझन, ऑरपॅट, कुठलाही चालेल, पाचशेच्या आतबाहेर काम होतं. मी स्वतः मुंबई युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. केलं, आता घरी एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) आणि सीए फाउंडेशनच्या (सीएच्या पहिल्या टप्प्याच्या) मुलांना गणित शिकवते, त्यामुळे हे यंत्र रोज हातात असतं आणि त्याबद्दल मला अगदी मनापासून बोलायचंय.

आधी नियमाचं सांगते कारण तिथेच अर्ध्या लोकांचा निर्णय होतो. सीएच्या परीक्षेत ६ फंक्शन, १२ अंक आणि जास्तीत जास्त २ मेमरी एवढाच कॅल्क्युलेटर चालतो, सायंटिफिक हॉलमध्ये नेताच येत नाही. फाउंडेशनचा क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूडचा पेपर १०० मार्कांचा, त्यात ४० चं गणित, २० चं लॉजिकल रीझनिंग, ४० चं स्टॅटिस्टिक्स, सगळं ऑब्जेक्टिव्ह आणि चुकलं की पाव मार्क कापला जातो. म्हणजे वेग पण हवा आणि खात्री पण हवी. कॉलेजच्या पेपरला काय चालतं ते कॉलेजात विचारून घ्या, पण साध्याला नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

आता खरा मुद्दा. पहिल्या वर्षाच्या बिझनेस मॅथ्समध्ये सगळ्यात जास्त मार्क आणि सगळ्यात जास्त गोंधळ चक्रवाढ व्याज आणि अ‍ॅन्युइटी (ठराविक काळाने मिळणारी किंवा भरायची सारखी रक्कम) या दोन ठिकाणी असतो, आणि नेमकं तिथेच हा कॅल्क्युलेटर जबरदस्त आहे. समजा दरवर्षी ५००० रुपये मिळणार, ३ वर्षं, व्याजदर १० टक्के, आजची किंमत काय? १ ÷ १.१ करा आणि = तीनदा दाबा. डिस्प्लेवर एकामागून एक ०.९०९०, ०.८२६४, ०.७५१३ येतं. मग जीटी दाबलं की तिघांची बेरीज २.४८६८, गुणिले ५०००, झाले १२,४३४ रुपये २६ पैसे. सूत्र पाठ नसलं तरी उत्तर आलं. पण मला त्याहून मोलाचं काय वाटतं सांगू, मुलं प्रत्येक = ला बघतात की एक वर्ष पुढे सरकलं की रुपया कसा बारीक होत जातो. प्रेझेंट व्हॅल्यू म्हणजे काय हे फळ्यावर सांगून जेवढं डोक्यात शिरत नाही तेवढं त्या तीन आकड्यांत शिरतं. सायंटिफिकवर आख्खं सूत्र एका ओळीत टाकलं की एकदम उत्तर येतं, मधलं काही दिसतच नाही.

ईएमआय घ्या. ५ लाखांचं कर्ज, ९ टक्के, ५ वर्षं. महिन्याचा दर ०.००७५, हप्ते ६०, म्हणजे १.००७५ चा ६० वा घात हवा. आता घाताचं बटण तर नाही. नवीन मुलगा १.००७५ × दाबून पुढचे = मोजत बसतो आणि तिसाच्या आसपास मोजणी चुकते. मग मी सांगते, ६० म्हणजे १५ च्या दोनदा दुप्पट. आधी १५ वा घात काढ, मग × = दाबलं की वर्ग होतो, झाला ३० वा, परत × = केलं की ६० वा. येतं १.५६५६८. पुढचं सोपं, ५ लाख गुणिले ०.००७५ म्हणजे ३७५०, ते भागिले (१ वजा १/१.५६५६८), हप्ता १०,३७९ रुपये. घातांकाचे नियम शाळेत पाठ केलेले असतात पण त्यांचा उपयोग काय ते इथे बोटांना कळतं, कारण उपयोग केला नाही तर ५९ वेळा बटण दाबावं लागतं. अजून एक, या मुलांना घरी कुणाचा तरी ईएमआय चालू असतोच, ती घरी जाऊन बाबांचा हप्ता पडताळून बघतात आणि दुसऱ्या दिवशी उड्या मारत येतात की ताई, जुळला!

आणि आता ती ट्रिक जी सीएची सगळी पोरं करतात पण का चालते ते फार थोड्यांना कुणी सांगतं. १ लाखाचे ७ वर्षांत १ लाख ८० हजार झाले, वार्षिक वाढ किती? १.८ चं ७ वं मूळ हवं. वर्गमूळाचं बटण १२ वेळा दाबा, १.०००१४३५१ येईल. १ वजा करा, ७ ने भागा, १ मिळवा, आणि × = ही जोडी १२ वेळा. येतं १.०८७६, म्हणजे ८.७६ टक्के. खरं उत्तर पण तेच, फरक पडतो तो दशांशाच्या सहाव्या घरात. घाताला पण हीच ट्रिक चालते, भागायच्या जागी गुणायचं. मात्र तिथे थोडी घसरते, वरच्याच ईएमआयला १.००७५ चा ६० वा घात असा काढला तर १.५६५६४ च्या आसपास येतं आणि हप्त्यात चाळीसेक पैशांचा फरक पडतो. ऑब्जेक्टिव्हला चालून जातं, पायऱ्या लिहायच्या पेपरला मी आधीचीच पद्धत वापरायला लावते.

का चालते? १२ वेळा वर्गमूळ म्हणजे ४०९६ वं मूळ, कारण २ चा १२ वा घात ४०९६. एवढं मोठं मूळ घेतलं की कुठलीही संख्या १ ला जवळजवळ चिकटते, आणि १ च्या वर जो इवलासा भाग उरतो तो त्या संख्येच्या नॅचरल लॉगच्या प्रमाणात असतो. म्हणून घातांकाचं गुणणं-भागणं त्या इवल्याशा भागावर केलं तरी भागतं, आणि मग १२ वेळा वर्ग करून परत मोठं व्हायचं. हे म्हणजे डेरिव्हेटिव्हच आहे हो! १० पायाचा लॉग काढायची ट्रिक बघा, १३ वेळा वर्गमूळ, वजा १, गुणिले ३५५८. २ टाकून केलं तर ०.३०१०६ येतं, लॉग टेबलात ०.३०१० आहे. हा ३५५८ कुठून आला? २ चा १३ वा घात ८१९२, त्याला १० च्या नॅचरल लॉगने, म्हणजे २.३०२६ ने भागा, ३५५७.७. मी हे पहिल्यांदा वहीवर मांडून बघितलं तेव्हा इतका आनंद झाला होता की काय सांगू, आणि दरवर्षी वर्गातली दोन-तीन मुलं तरी तशीच उजळतात. जी मुलं पुढे इकॉनॉमिक्सला जातात त्यांना लिमिट म्हणजे नुसतं चिन्ह न राहता हाताने केलेली गोष्ट असते.

मार्जिनल कॉस्टला, म्हणजे आणखी एक नग बनवायच्या खर्चाला, पण मी हाच वापरते. खर्च = ५००० + ४०q + ०.१q², इथे q म्हणजे नग. आता ५००० + ४० × १०० असं सरळ दाबलं की कॅल्क्युलेटर ५,०४,००० दाखवतो, कारण तो जसं दाबाल तसं करत जातो, गुणाकार आधी वगैरे त्याला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी घाबरून विचारतंच, ताई पाच लाख कसे आले? म्हणून मेमरी शिकायची, एम प्लस दाबलं की आलेलं उत्तर मेमरीत मिळवलं जातं. ४० × १०० एम प्लस, ०.१ × १०० × १०० एम प्लस, ५००० एम प्लस, मेमरी बघा, १०,०००. तसंच १०१ नगांचं केलं की १०,०६०.१०. शंभरानंतरच्या एका नगाचा खर्च ६०.१०, आणि डेरिव्हेटिव्ह ४० + ०.२q मध्ये १०० टाकले की ६०. दहा पैशांचा फरक का, यावर पंधरा मिनिटं छान चर्चा होते, आणि मार्जिनलची व्याख्या परत समजवावी लागत नाही.

जिथे उपयोग नाही तेही सांगते. मॅट्रिक्सचा इन्व्हर्स, लिनिअर प्रोग्रॅमिंगचा ग्राफ, पर्म्युटेशनमधले मोठे फॅक्टोरियल, इथे तो नुसता गुणाकाराचा हमाल आहे. कोरिलेशनला पाच कॉलमच्या बेरजा करताना एकच मेमरी कमी पडते, जीटी मदतीला घ्यावा लागतो आणि सवय नसेल तर कुठे काय साठवलं ते विसरायला होतं. बी.एससी. इकॉनॉमिक्स किंवा इकॉनोमेट्रिक्सकडे जाणार असाल तर पुढे सायंटिफिक आणि स्प्रेडशीट दोन्ही लागणारच.

घेताना दुकानातच तपासा. २ × दाबून = दाबत जा, ४, ८, १६ आलं पाहिजे. काही मॉडेलला × एकदा दाबायचं असतं, काहींना दोनदा, आणि भागाकाराची पद्धतही त्याप्रमाणे थोडी बदलते, एकदा कळली की प्रश्न नाही. वर्गमूळाचं बटण आहे का बघा, काहींवर नसतं आणि मग वरच्या अर्ध्या गोष्टी गेल्या. जीटी हवाच. दोन-चार बेरजा भराभर करून बघा, एखादं बटण अडकतंय किंवा दोनदा लागतंय का. खाली रबराचे पाय असले तर बेंचवर सरकत नाही. चेक-करेक्टवाला मिळाला तर तो घ्या, लांब बेरजेत मागे जाऊन चुकलेला आकडा दुरुस्त करता येतो, पन्नास रुपये जास्त गेले तरी जाऊ देत.

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा घेऊ नका, निदान महिनाभर तोच वापरा म्हणजे बोटं बटणं आपोआप शोधतात. प्रत्येक गणिताआधी मेमरी आणि जीटी दोन्ही क्लिअर करायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, आधीच्या गणितातला आकडा जीटीत पडून राहिला की पुढची अ‍ॅन्युइटी हमखास चुकते आणि पर्यायांमध्ये ते चुकीचं उत्तर छापलेलंही असू शकतं.