मांजराची खेळणी: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर काय उरलं

दिवाळीच्या सेलमध्ये भुरीसाठी एकदम बरीच खेळणी मागवली, काही नंतर बर्डीवरून, म्हणजे इथल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणली. आता पावसाळा लागलाय आणि कशाचं काय झालं ते सांगण्याइतका वापर झालाय. निकाल आधीच सांगून टाकते. सगळ्यात स्वस्त खेळणं, म्हणजे काडी, तिला दोरी आणि दोरीला पिसं, ते पहिलं आलं. सगळ्यात महाग, म्हणजे चार्जिंगवर आपोआप फिरणारा बॉल, तो शेवटचा.

भुरी साधी देशी मांजर. नसबंदी झालेली, मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, बाल्कनीला जाळी आहे, बाहेर जात नाही. तुमचं मांजर दिवसभर गल्लीत हिंडत असेल तर त्याला यातलं निम्मं लागणारच नाही.

पिसांची काडी सगळ्यांकडे असते, पण बहुतेक जण ती मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. मांजर दोन पंजे मारतं, तोंड फिरवतं, आणि मग आपण म्हणतो, "आमचं खेळतच नाही." अहो, कुठला उंदीर मांजराच्या नाकासमोर येऊन नाचेल? पीस तिच्यापासून लांब न्यायचं. दिवाणाच्या पायामागे अर्धं लपवायचं, थांबायचं, मग थोडं सरकवायचं. भुरीला खरी मजा सतरंजीखाली येते. काडी खालून हळूच सरकवली की सतरंजीला उंचवटा येतो, तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर मोठ्या होतात, मागचं अंग डावी-उजवीकडे हलायला लागतं आणि मग झेप. झेपेच्या आधीचं ते हलणं दिसेपर्यंत घाई करायची नाही. शेवटी दोन-चार वेळा पीस तिच्या हाती लागू द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं. पाळत, पाठलाग, पकड, मग खाणं, असा तिचा क्रम आहे. भुकेलं मांजर जास्त खेळतं, म्हणून खेळ जेवणाआधी. जेवणानंतर ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

शेजारच्या काकू एकदा दारातून बघत होत्या. "काय वं, मांजरीले खेळवाले मानूस ठेवला का तू?" म्हणाल्या. नंतर त्या स्वतःच सोफ्यावर बसून काडी हलवत होत्या, आणि माझ्यापेक्षा चांगली हलवत होत्या.

आपोआप फिरणारा बॉल पहिल्या आठवड्यात हिट होता. मग भुरीला त्याचा पॅटर्न कळला. भिंतीला आपटणार, वळणार, परत आपटणार. त्यात टाइल्सवर त्याचा घर्र आवाज, खालच्या मजल्यावर पोहोचतो तो वेगळाच. आता तो दिवाणाखाली पडून आहे.

कुठलंही खेळणं रोज समोर असलं की मांजर त्याला विटतं. ब्रिटनमधल्या संशोधकांचा 2002 साली यावर एक अभ्यास छापून आला होता: तेच खेळणं परत परत दिलं तर रस उतरत जातो, पण रंग-वास वेगळा असलेलं दुसरं आणलं की मांजर पुन्हा उसळून खेळतं. म्हणून आमच्याकडे निम्मी खेळणी स्टीलच्या डब्यात माळ्यावर असतात आणि अधूनमधून अदलाबदल होते. नवीन विकत घेण्यापेक्षा हे परवडतं.

लेझर लाइट: हाती काहीच लागत नाही, त्यामुळे खेळ संपल्यावर भुरी भिंतीवर ठिपका शोधत बसते. वापरायचाच असेल तर शेवटचा ठिपका खाऊवर नेऊन थांबवा, डोळ्यांत मारू नका. मी बंद केला.

कॅटनिप (वासाने मांजरांना धुंद करणारी वनस्पती) भरलेला उंदीर: शून्य. हे आनुवंशिक असतं, साधारण तीनातल्या एका मांजराला त्याचा काहीच फरक पडत नाही, आणि अगदी लहान पिल्लांनाही नाही. पण आपल्याकडे पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला खोकली नावाची वनस्पती उगवते, तिच्या मुळाचं मांजरांना वेड असतं. वॉचमनकाकांनी ओळखून दिलेलं मूळ जुन्या मोज्यात गुंडाळून दिलं, तर भुरी त्यावर गाल घासत लोळली. खायला मात्र दिलं नाही, थोड्या वेळाने काढून घेतलं. झाड नक्की ओळखता येत नसेल तर या भानगडीत पडू नका.

खाऊ लपवायचं पझल फीडर मला आवडलं, भुरीला बरं वाटलं. पण यातून शिकार कमी होईल अशी आशा धरू नका. एक्झेटर विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात बाहेर जाणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली, पझल फीडरवाल्यांची उलट 33 टक्क्यांनी वाढली. आमच्याकडच्या पालींना विचारलं तर त्या काडीच्याच बाजूने मत देतील.

आता नागपूरचं म्हणून जे आहे ते. एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळ नाही म्हणजे नाही. पारा 45 च्या आसपास, त्यात मांजर उड्या मारून तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागलं तर ते कुत्र्यासारखं नॉर्मल नसतं, तिथेच थांबायचं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही पहाटे पाचला आणि रात्री दहानंतर खेळलो. तशीही मांजरं झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेलाच जास्त जागी असतात. दुसरी गंमत कूलरची. चुरचुर वाजणाऱ्या कागदाची खेळणी हिवाळ्यात जोरात चालली, कूलर लागल्यावर तो बारीक आवाज ऐकू जाईना आणि भुरीने ती सोडली. बदल्यात कूलरचं जुनं गवत बदलताना जो ढीग पडला, त्यात ती दिवसभर दबा धरून होती. फुकटात.

संत्र्यांच्या खोक्यात मात्र तिने पाय ठेवला नाही. मांजरांना आंबट फळांचा वास नको असतो. पंधराएक दिवस गच्चीत वारा लागल्यावर स्वीकारलं.

दोरीबद्दल कडक सांगते. संक्रांतीनंतर गच्चीवर, जाळीला, कुंडीत मांजाचे तुकडे महिनाभर सापडतात. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, तोंडात गेलेला धागा त्याला थुंकता येत नाही. पोटात गेला की आतडं त्यावर गोळा होतं आणि ऑपरेशनची वेळ येते. धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे न्या. याच कारणाने पिसांची काडी खेळ झाला की कपाटात, एकटीजवळ कधीच नाही. केसांचे रबर, राखीचे दोरे, लोकर, सगळं त्याच यादीत.

काडी घेताना पीस काढता-बसवता येतं अशी घ्या. भुरीने दोन पिसांचं फक्त दांडकं ठेवलंय, आणि नुसतं पीस बदलणं स्वस्त पडतं. कापडी उंदराला चिकटवलेले मण्यांचे डोळे असले तर देण्याआधी कातरून टाका. आमच्या आंधळ्या उंदराबद्दल अजून तक्रार आलेली नाही.