बडोदा ते मेलबर्न : व्हिजिटर हेल्थ कव्हर वापरून अकरा महिने

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या, रात्री बडोदा सोडलं आणि १७ जानेवारीला मेलबर्नला उतरले. नवरा चार महिने आधीच ४८२ व्हिसावर (नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा) नोकरीला लागला होता, मी डिपेंडंट म्हणून गेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातून अजून कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "ताई, तिकडचा इन्शुरन्स कुठला घेतलात?" म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. कंपनीचं नाव सांगत नाही. पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचायला शिका, कंपनी कुठलीही असो.

मेडिकेअर ही ऑस्ट्रेलियातली सरकारी आरोग्य योजना. ब्रिटन, न्यूझीलंड, इटली अशा काही देशांचा ऑस्ट्रेलियाशी करार आहे, त्यांच्या लोकांना ती मिळते. भारताचा करार नाही. वर आपल्या व्हिसावर ८५०१ क्रमांकाची अट असते : तिथे असेपर्यंत पुरेसा आरोग्य विमा हवाच. त्यासाठी आपल्यासारख्यांनी घ्यायचा खासगी विमा म्हणजे व्हिजिटर हेल्थ कव्हर.

आता आमची चूक. व्हिसाच्या अर्जासाठी दोघांच्या नावाचं विम्याचं पत्र काढलं होतं. व्हिसा आला, नवरा एकटाच गेला, तेव्हा हप्ता वाचवायला माझं नाव काढलं. मी निघताना एजंट म्हणाला, "बेन, नव्वद दिवसांची ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन टाका, मग तिकडे बघू." घेतली. ट्रॅव्हल पॉलिसी अचानक आलेल्या दुखण्यासाठी असते. आधीपासूनचा आजार, बाळंतपण त्यात सहसा येत नाही, आणि ८५०१ साठी ती चालेलच असंही नाही. माझं नाव नवऱ्याच्या व्हिजिटर कव्हरमध्ये पुन्हा चढलं ते १७ एप्रिलला. बाळंतपणाला आणि आधीच्या आजारासाठी दवाखान्यात भरती व्हायला आमच्या पॉलिसीत बारा महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे तेवढे दिवस त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि तो माझ्यासाठी त्या दिवसापासून मोजला जातो. मी चौतीस वर्षांची आहे. आम्हाला मूल हवंय. हप्त्यातले जे काही डॉलर वाचवले, त्यापायी आमचे तीन महिने गेले, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

साध्या डॉक्टरकडचा अनुभव चांगला, पण खिशाला चाट बसते. मे महिन्यात खोकला हटेना म्हणून गेले. काउंटरवरच्या मुलीने मेडिकेअर कार्ड मागितलं, नाही म्हटल्यावर आधी ९० डॉलर कार्डावर घेतले. पावतीवर डॉक्टरांच्या नावाखाली 'आयटम २३' छापलेलं होतं. वीस मिनिटांच्या आतल्या नेहमीच्या तपासणीचा तो सरकारी क्रमांक, आणि त्याची सरकारने ठरवलेली फी तेव्हा ४३ डॉलरच्या आसपास होती. विमा कंपनी तेवढेच देते, वरचे आपले. ॲपमध्ये पावतीचा फोटो टाकला, तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले. 'शंभर टक्के परतावा' वाचून आम्ही खूश झालो होतो, पण ते शंभर टक्के या सरकारी फीचे, डॉक्टरच्या बिलाचे नव्हेत.

जुलैत मात्र याच कव्हरने आम्हाला तारलं. रात्री दोनला नवऱ्याच्या कमरेत अशी कळ आली की तो बाथरूमच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला. ००० या तातडीच्या नंबरला फोन केला. मुतखडा निघाला, सरकारी हॉस्पिटलमध्ये एक रात्र ठेवलं. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, अँब्युलन्स फुकट नाही, आमचं बिल हजार डॉलरच्या वर गेलं. आमच्या पॉलिसीत तातडीची अँब्युलन्स होती, एक डॉलर भरावा लागला नाही. हॉस्पिटलचंही बिल कंपनीने भरलं, आम्ही फक्त ५०० डॉलर एक्सेस, म्हणजे बिलातला आपला ठरलेला वाटा, दिला. कागदपत्रांना पाच आठवडे लागले, फोनवर तासतास थांबावं लागलं, पण पैसे दिले. कव्हर घेताना अँब्युलन्सची ओळ आधी शोधा.

मला थायरॉईड आहे. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. रावपुऱ्यातल्या केमिस्टकडून गोळ्या आणि इंग्रजीत चिठ्ठी घेऊनच निघा. त्या संपल्यावर तिथे मिळालेल्या गोळ्यांच्या खोक्यावर लिहिलं होतं, फ्रिजमध्ये ठेवा. घरी मी त्याच औषधाची बाटली कपाटात ठेवायचे, त्यामुळे फार्मासिस्टला दोनदा विचारलं. ब्रँडनुसार हे बदलतं.

विद्यार्थ्यांचं वेगळं. माझा आतेभाऊ शिकायला गेला, त्याने व्हिसाच्या पूर्ण मुदतीचं कव्हर आधीच विकत घेतलं. आमच्यासारखं मध्येच नाव काढायची सोय नाही, आणि ते बरंच आहे. दातांचा खर्च त्याच्याही कव्हरमध्ये नाही, आमच्याही नाही. म्हणून दाढा बडोद्यातच भरून घ्या.

जे जोडीने जाणार आहेत त्यांना हात जोडून सांगते, मागून येणाऱ्या जोडीदाराचं नाव तिथे उतरण्याच्या तारखेपासूनच चालू करा आणि कंपनीकडून ते ईमेलवर लिहून घ्या. आईने कुरियरने नव्या वर्षाचं कालनिर्णय पाठवलंय. ते फ्रिजवर लावलं आणि १७ एप्रिलच्या चौकटीला लाल पेनाने गोल केला. तो गोल १७ जानेवारीला करता आला असता.