ड्राइव्हचे लाईन चोक आणि डीट्यून्ड कपॅसिटर : एका वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

शिरोली एमआयडीसीतील आमच्या मशीनशॉपमध्ये कॉम्प्रेसर, धूळ ओढणारे दोन ब्लोअर आणि कूलंटचा पंप व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर) घेतल्यापासून विजेची बचत झाली खरी. पण सहा महिन्यांच्या आत एपीएफसी पॅनेलमधले (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनेलमधले) तीन कपॅसिटर फुगले आणि चौथ्याचा फ्यूज वारंवार उडू लागला. कोणी कपॅसिटरच निकृष्ट ठरवले, तर कोणी थेट करंटमधली विकृती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पुसणारा महागडा अ‍ॅक्टिव्ह फिल्टर सुचवला. अखेर कोल्हापुरातल्या एका पॅनेल बनवणाऱ्याकडून मोजणीपासून जोडणीपर्यंतचे सारे काम करून घेतले.

या कामात सर्वांत मोलाची ठरली ती मोजणी. त्यांनी मोजणीचा क्लॅम्प केवळ मुख्य फीडरवर न लावता प्रत्येक ड्राइव्हच्या इनपुटलाही लावला आणि कपॅसिटर पूर्ण बंद असताना व त्यांचा एकेक टप्पा चढवत असताना वेगवेगळ्या नोंदी घेतल्या. ३७ किलोवॉटच्या ड्राइव्हच्या करंटची टीएचडी, म्हणजे ५० हर्ट्झच्या मूळ करंटच्या तुलनेत त्याच्या पटींतल्या विकृतीचे (हार्मोनिकचे) प्रमाण, ७८ टक्के निघाली. तीत पाचव्या आणि सातव्या हार्मोनिकचा, म्हणजे २५० व ३५० हर्ट्झचा, वाटा सर्वाधिक होता, आणि ड्राइव्हमधल्या, एसीचे डीसी करणाऱ्या सहा डायोडच्या रेक्टिफायरकडून तीच अपेक्षा असते. खरे दुखणे टप्पे चढू लागले तेव्हा सापडले. आमचा ट्रान्सफॉर्मर २५० केव्हीएचा आणि साडेचार टक्के इम्पीडन्सचा असल्यामुळे त्यावर १०० केव्हीएआरचे कपॅसिटर चढले की अनुनाद (ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला करंट फुगवतात ती) ५० हर्ट्झच्या साधारण साडेसात पटीवर, सातव्या हार्मोनिकच्या अगदी शेजारी, येतो. त्या टप्प्याला कपॅसिटरचा करंट मीटरवर डोळ्यांदेखत उसळला. कपॅसिटरचा यात काहीच दोष नव्हता.

प्रत्येक ड्राइव्हच्या आधी तीन टक्क्यांचा, तांब्याच्या वाइंडिंगचा लाईन चोक (करंटचे झटके दाबणारी कॉइल) बसवल्यावर तीच टीएचडी ४१ टक्क्यांवर आली. हा आकडा अजूनही मोठा वाटेल. परंतु मुख्य फीडरवर साध्या मोटारींचा भारही मिसळत असल्यामुळे तिथली टक्केवारी पुष्कळ कमी भरते, आणि म्हणूनच आम्हाला अ‍ॅक्टिव्ह फिल्टरची गरज उरली नाही. कपॅसिटरना सात टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर (तशाच कॉइल) जोडून, म्हणजे डीट्यून करून, अनुनाद १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली, आणला. तेव्हापासून एकही कपॅसिटर फुगलेला नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिल्या कोटेशनमध्ये कपॅसिटर ४४० व्होल्टचे लिहिले होते. सात टक्क्यांच्या रिअ‍ॅक्टरमुळे ४१५ व्होल्टच्या लाईनवरही कपॅसिटरवर सुमारे ४४६ व्होल्ट येतात, हे आम्ही दाखवून दिल्यावर त्यांनी वाद न घालता ५२५ व्होल्टचे दिले. पण ही चूक ग्राहकाने पकडावी लागू नये. शिवाय ५२५ व्होल्टच्या २५ केव्हीएआर कपॅसिटरमधून या जोडणीत प्रत्यक्षात १७ च्या आसपासच मिळतात, त्यामुळे टप्प्यांची बेरीज नव्याने करावी लागली. दुसरी तक्रार जागेची : चोक ड्राइव्हच्या बरोबर खाली बसवल्यामुळे त्याची गरम हवा थेट ड्राइव्हमध्ये जात होती, आणि उन्हाळ्यात दोनदा ट्रिप झाल्यावर ते स्वतंत्र पेटीत हलवले गेले.

एन्कोडरच्या (मोटारीची फिरकी मोजणाऱ्या सेन्सरच्या) सिग्नलमधला गोंधळ मात्र चोकने गेला नाही, आणि जाणारही नव्हता. तो ड्राइव्हच्या किलोहर्ट्झमधल्या स्विचिंगचा असतो. मोटारीला शील्ड केबल ओढून तिची जाळी दोन्ही टोकांना पूर्ण घेराच्या क्लॅम्पने अर्थ केल्यावरच तो थांबला.