‘नोस्फेरातू’ बघायचा तर कोणती प्रत, आणि कसा

रक्तपिपासू उमराव स्वतःची शवपेटी बगलेत मारून शहरातून चालला आहे आणि भोवती भर दुपारचं लख्ख ऊन. पुढे हाच प्राणी सूर्याचा किरण लागला म्हणून धुरासारखा विरून जातो. ‘नोस्फेरातू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाची फुकटात मिळणारी कृष्णधवल प्रत लावली की लोक इथे हमखास हसतात आणि ‘जुना सिनेमा, चालायचंच’ म्हणून उठतात. हसण्यात चूक काही नाही. फक्त दोष दिग्दर्शक मुर्नाऊचा नाही, प्रतीचा आहे.

१९२१ साली हे चित्रण झालं तेव्हाची फिल्म रात्री उघड्यावर काही टिपण्याइतकी तेज नव्हती. रात्रीचे प्रसंग दिवसा उरकायचे आणि थेटरात जाणाऱ्या प्रतीचा तेवढा तुकडा रंगाच्या पाण्यात बुडवायचा, अशी रीत होती. निळा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. पुढे कुणी स्वस्तात कृष्णधवल फिल्मवर नक्कल उतरवली की रंग जायचा, आणि रंगाबरोबर रात्रही जायची. दुसऱ्या एखाद्या मूकपटाचं यात फारसं बिघडत नाही. इथे मात्र कोंबडा आरवायच्या आत की आरवल्यावर, यावरच सगळी गोष्ट उभी आहे.

तेव्हा पहिली कसोटी रंगाची. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानाने लुचियानो बेरियातुआ यांच्या देखरेखीखाली २००५-०६ मध्ये केलेली पुनर्स्थापित आवृत्ती आज सगळ्यांत भरवशाची. तिचा पाया १९२२ ची रंगवलेली फ्रेंच प्रत आहे. लांबी साधारण ९४ मिनिटं. ब्रिटनमध्ये युरेका आणि अमेरिकेत किनो लॉर्बर तिच्या डिस्क विकतात. परदेशातून मागवणार असाल तर डब्याच्या मागचा विभागाचा शिक्का आधी बघा. ब्लू-रेला अमेरिकेचा ए, युरोपचा बी आणि आपला सी. डीव्हीडीला अमेरिकेचा १, युरोपचा २ आणि आपला ५. सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर पैसे पाण्यात.

फुकटची प्रत ओळखायला पहिली पाच मिनिटं पुरेत. मूळ पात्रं म्हणजे रक्तपिपासू उमराव ओर्लोक, त्याच्या किल्ल्यावर जाणारा हुटर आणि हुटरची बायको एलेन अशी आहेत आणि शहराचं नाव विस्बोर्ग. पाट्यांवर ड्राक्युला, हार्कर आणि ब्रेमेन दिसलं की समजायचं, इंग्रजी पाट्या जोडलेली जुनी अमेरिकी नक्कल आहे. कथा मुळात ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्राक्युला’ची, न विचारता उचललेली. नावं बदलली म्हणून चोरी लपली नाही. स्टोकरच्या विधवेने, फ्लोरेन्सने, दावा लावला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. तोवर काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या, म्हणून आज बघायला तरी मिळतो. निर्मिती कंपनीचं नाव प्राना-फिल्म, म्हणजे आपलाच ‘प्राण’. कंपनी चालवणाऱ्या आल्बिन ग्राउला गूढविद्येचा नाद होता, त्यातून हे नाव आलं. सिनेमाची नेपथ्यरचना आणि वेशभूषाही त्याचीच. या एका सिनेमात कंपनीचं दिवाळं वाजलं.

दुसरी कसोटी वेगाची. मूळ सिनेमा १,९६७ मीटर लांब होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये साधारण ५२.६ फ्रेम बसतात, म्हणजे एकूण एक लाख साडेतीन हजारांच्या आसपास. सेकंदाला १८ फ्रेमने चालवला तर ९६ मिनिटं, बोलपटाच्या २४ ने चालवला तर ७२. तासा-सव्वातासात संपणारी प्रत एक तर कापलेली असते किंवा पळवलेली. पळवलेल्या प्रतीत माणसं तुरुतुरु चालतात एवढंच नुकसान नाही. हुटरला न्यायला येणारी ओर्लोकची घोडागाडी मुर्नाऊने मुद्दाम अनैसर्गिक वेगाने धावती ठेवली आहे, आणि लगेच पुढे निगेटिव्ह वापरून रान पांढरं आणि आभाळ काळं केलं आहे. भोवतालची माणसं माणसांसारखी चालली तरच ती गाडी भुताची वाटते. सगळंच धावत असेल तर ती नुसती आणखी एक गाडी.

टीव्हीवर बघताना दोन गोष्टी बंद करा. १८ फ्रेमचं २४ करताना प्रत्येक तिसरी फ्रेम दोनदा दाखवलेली असते. मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची ‘मोशन स्मूदिंग’ची सोय त्या दुहेरी फ्रेमवर गोंधळते आणि हात-पाय पुसल्यासारखे दिसतात. आणि चित्र ४:३ वरच ठेवा. पडदा भरावा म्हणून आडवं ताणलं की माक्स श्रेकचा ओर्लोक एकतृतीयांशाने जाडा होतो. खांदे आखडलेले, बोटं लांबलचक, अंग काठीसारखं ताठ. या माणसाची सगळी दहशत त्या सडपातळपणात आहे. जाडा ओर्लोक म्हणजे उधारी वसूल करायला आलेला दुकानदार.

आता स्लॅबवर किंवा वाड्याच्या चौकात दाखवायचा असेल तर. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, पण पडद्यावरचा निळा दिसायला आणखी पाऊण तास लागतो. आठला लावा, साडेनऊच्या पुढे-मागे संपेल. अमावस्येच्या जवळची तारीख धरा. हवा भुताची व्हावी म्हणून नव्हे, चांदणं निळ्याला फिकं करतं म्हणून. मांजरपाट पिवळट असतो, त्यावर दिवसाचे आणि रात्रीचे रंग एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या पॉपलीनचे दोन थर घ्या, एका थरातून उजेड आरपार जातो. खालच्या काठात बांबू घाला, नाहीतर वाऱ्याने किल्ला झोके घेतो. चुन्याने रंगवलेली सपाट भिंत या सगळ्यापेक्षा बरी. ऑइलपेंटची नको, चमकते. चित्र आठ फूट बाय सहा फूट धरलं तर १६:९ च्या प्रोजेक्टरचा उजेड दोन्ही बाजूंना सोळा-सोळा इंच फुकट सांडतो. तिथे काळं कापड लावलं की चित्र एकदम गडद वाटायला लागतं. प्रोजेक्टरवर ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ सोडून ‘सिनेमा’ निवडा. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर इन्व्हर्टरवर घ्याच. वीज जाऊन पंखा अचानक थांबला तर तापलेला दिवा खराब होतो.

पाट्यांचं काय? चांगल्या आवृत्तीत पाट्या जर्मन आणि खाली इंग्रजी. गावातल्या प्रेक्षकांसाठी पडद्याशेजारी एक जण उभा करून मराठीत वाचायला लावणं सगळ्यांत उत्तम. मूकपटाच्या काळात आपल्या थेटरांतही असे सांगणारे असत. वाक्य पाटी जायच्या आत संपलं पाहिजे, म्हणून मजकूर आधी लिहून, त्याच फाइलबरोबर दोनदा पूर्ण वाचून घ्या. हुटरची पत्रं, जहाजाची नोंदवही, पिशाचांवरचं पुस्तक हेही पडद्यावर येतं आणि तिथे शब्द जास्त आहेत. तिथेच वाचणारा मागे पडतो. आवाज पोथी वाचल्यासारखा सपाट ठेवा. भीती घालायला जाल तर लोक तुमच्याकडे बघतील, पडद्याकडे नाही.

संगीत हान्स एर्डमनचं. मूळ स्वरलेखन पूर्ण टिकलं नाही. बर्न्ट हेलरने त्याच्या हाती लागलेल्या भागांवरून ते उभं केलं आणि २००६ च्या आवृत्तीला तेच आहे. काही ठिकाणी ते फारच गोड वाटतं, पण सुरुवातीच्या सुखी संसाराला ते शोभतं. स्थानिक वादक बसवायचे असतील तर पेटी आणि नुसता डग्गा पुरे. ओर्लोक दिसला की संबळ कडाडवायचा मोह आवरा. जिन्यावरून सावली चढते तिथे तर वाद्यं थांबवाच. नखं वाढलेला पंजा भिंतीवरून सरकतो, दाराकडे लांबतो, आणि पुढे एलेनच्या छातीवर हाताची सावली मूठ आवळते. माणूस तिला शिवतच नाही.

आणखी एक: सिनेमा १९२२ चा, आणि आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणून मूळ चित्राची अडचण नाही. पण डिस्कवरचं नवं ध्वनिमुद्रण वेगळी मालमत्ता आहे. तिकीट लावणार असाल तर परवानगी घ्या किंवा वादक बसवा.

प्रत आणि पडदा जमल्यावर सिनेमा स्वतःचं काम करतो का? करतो, आणि मराठवाड्यात जरा जास्तच. त्या काळचे बरेच जर्मन सिनेमे रंगवलेल्या देखाव्यांपुढे घडायचे. मुर्नाऊ मात्र कॅमेरा घेऊन बाहेर पडला. स्लोव्हाकियातला कड्यावरचा ओराव्हा किल्ला, विस्मार बंदर, ल्युबेकची मिठाची जुनी गोदामं, सगळं खरं आहे. देवगिरी किल्ल्याच्या ‘अंधारी’ या भुयारी वाटेत वाटाड्याने टेंभा बाजूला केला की वर वटवाघळांची चाहूल लागते, ती भीती जागेची असते. ओर्लोकची भीती त्याच जातीची आहे. कमानीच्या काळोखातून तो बाहेर येतो तेव्हा कमान त्याच्याच मापाने बांधल्यासारखी दिसते.

आपल्याकडचा प्रेक्षक एका ठिकाणी हसेल, त्याची तयारी ठेवा. सरायीत लोक ‘लांडगा-माणूस सुटलाय’ म्हणून घाबरतात आणि पडद्यावर चक्क पट्टेरी तरस येतं. बर्लिनकरांना ते अनोळखी असेल, बालाघाटच्या डोंगरात ढोरं राखणाऱ्याला नाही. हुटर मानेवरच्या दातांच्या दोन खुणा डासांवर ढकलतो, तिथलं हसू मात्र मुर्नाऊने स्वतःच मागितलेलं आहे.

पण खलाशी कुऱ्हाडीने पेटी फोडतो आणि मातीतून उंदीर बाहेर पडतात तिथे हसू थांबतं. इथे हे भूत नुसतं एका मानेला दात लावत नाही, गावात प्लेग आणतं. दवंडी पिटली जाते, खिडक्या बंद होतात, दारांवर खडूने फुल्या पडतात, अरुंद रस्त्यावरून शवपेट्यांची रांग जाते. ‘उंदीर पडले’ या दोन शब्दांचा अर्थ बीड जिल्ह्याला समजावावा लागत नाही. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ऑगस्ट १९९४ मध्ये, मामला गावाचं नाव याच कारणाने देशभर गेलं होतं.

उणिवा आहेत. हुटर झालेला वांगेनहाइम पहिली वीस मिनिटं नको तितका उड्या मारतो. प्राध्यापक बुल्वर माशी खाणारी वनस्पती दाखवतो, तो भाग व्याख्यानासारखा रेंगाळतो. परदेशातून येऊन उंदीर आणि रोगराई पसरवणारा लांब नाकाचा परका, या चित्रात त्या काळच्या ज्यूद्वेषाची छाया अभ्यासकांना दिसते, आणि तो आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना रक्ताची नाही, संथपणाची अडचण येईल. त्यांना जहाजापासून पुढे बसवलं तरी चालेल.

उन्हाने पिशाच मरतं ही कल्पना इथूनच रूढ झाली; स्टोकरचा उमराव दिवसाही हिंडतो. एलेन त्याला पहाटेपर्यंत थोपवून धरते, कोंबडा आरवतो, समोरच्या छपरांवर गुलाबी उजेड चढतो आणि खिडकीशी छातीला हात लावून ओर्लोक विरतो. बरेच जण इथेच सिनेमा संपला समजतात. अजून एलेनचं मरण आहे आणि अगदी शेवटी उद्ध्वस्त किल्ल्याचं एक चित्र. बटणापाशी बसणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, ते जाईपर्यंत ट्यूबलाइट लावायची नाही.