३०० रुपयांत सिनिअर, पैसे वसूल का? (नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेचा रिव्ह्यू)

नाव टाकत नाही कारण तक्रार पण लिहिणारे. सीटची फी सगळीकडे असते तेवढीच, पण इथे महिन्याला ३०० जास्त दिले की सिनिअरचा ग्रुप मिळतो, म्हणजे एमपीएससीच्या राज्यसेवेची प्रिलिम (पूर्व परीक्षा) काढून मेन्सला (मुख्य परीक्षेला) अडकलेलं कोणीतरी, आणि त्यांच्याकडे आपण सातआठ जण. दर रविवारी संध्याकाळी बसायचं. मी चार महिने केलं.

मी बीए इतिहासवाली, दहावीला गणितात ३८. तेव्हापासून घरात ठरूनच गेलेलं की हिला गणित जमत नाही, आणि मी पण तेच सांगत फिरायचे. राज्यसेवा पूर्वचा सीसॅट (उतारे, गणित, बुद्धिमत्तेचा पेपर) क्वालिफाइंग झाला, म्हणजे नुसता पास व्हायचा, मार्क मेरिटला धरत नाहीत, तेव्हा बाकीचे खूश आणि मला तरी टेन्शनच. जीएस (सामान्य अध्ययन) रोज दहा तास, सीसॅटचं पुस्तक मात्र नवंकोरं.

पहिल्या रविवारी वाटलं आता मोटिव्हेशनचं भाषण होणार. आमच्या ग्रुपच्या सिनिअर ताईने चहाच्या टपरीवर एका कागदावर नुसता हिशोब मांडला. ८० प्रश्न, २०० मार्क, म्हणजे एकाला अडीच. पास व्हायला ३३ टक्के, ६६ मार्क. २७ बरोबर आले की साडेसदुसष्ट. उताऱ्यांचेच साधारण ५० प्रश्न असतात, डिसिजन मेकिंगचे (प्रसंग देऊन काय कराल विचारतात ते) ५ आणि त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही, मग गणित बुद्धिमत्ता मिळून राहिले किती, २५. "आता सांग, तू गणितामुळे अडकणारेस की उतारे वाचत नाहीस म्हणून?" मी गप्प.

मग तिने स्वतःचा जुना पेपर काढला. ७२ सोडवलेले, ३२ बरोबर, ४० चूक. चार चुकले की एका बरोबर उत्तराचे मार्क जातात, म्हणजे ३२ चे मिळालेले ८० मार्क, त्यातून २५ गेले, राहिले ५५, नापास. त्या ४० ला हातच लावला नसता तर आरामात पास होती. ती पण तेव्हा गणित येत नाही म्हणूनच रडत होती म्हणे, घालवलं तुक्क्यांनी.

हेच क्लासमधले सर पण सांगतात हो, पण सर "सोप्पंय" म्हणाले की वाटतं तुम्हाला सोप्पंय, तुम्ही वीस वर्षं शिकवताय. ही तर माझ्यासारखीच मेसचा डबा खाणारी, हिचा ५५ वाला पेपर माझ्या हातात, मग माझ्याकडे बहाणा काय उरला? तिचा एकच नियम होता, "जमत नाही" असं वहीत लिहायचं नाही, नेमकं कुठे अडलं ते लिहायचं. तीन आठवड्यांनी वही चाळली तर जिथे तिथे एकच गोष्ट, अपूर्णांक. शेकडेवारी अडली ती त्यामुळेच, काळ काम वेग पण त्यामुळेच. भाचीचं शाळेचं पुस्तक आणून नऊ दिवसांत उरकलं. दहा वर्षं जे गणित येत नाही म्हणत होते ते एवढंच होतं, हसू पण आलं आणि राग पण.

शेवटच्या मॉकला (सराव पेपरला) ८२.५ आले. पूर्व अजून व्हायचीय, त्यामुळे पेढे नाहीत.

आता तक्रार. तिसऱ्या महिन्यात ग्रुप पंधराचा केला, फी तीच. ताई मेन्सच्या तयारीला लागली, तिच्या जागी जो दादा आला तो दीड तास स्वतःचीच स्टोरी सांगायचा, मी किती तास बसायचो, मी किती झोपायचो. मालकाला पैसे परत मागितले तर "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू", अजून करतायत. आणि सगळ्यात खटकलं ते हे की आमच्यातला एक मुलगा खरंच खचलेला, झोप नाही, घरचे फोन उचलत नाही, त्याला पण "पॉझिटिव्ह रहा भावा" एवढंच. हे सिनिअरचं काम नाहीच, तिथे काउन्सेलरच लागतो, आणि एवढी पोरं बसवणाऱ्यांकडे एखादा नंबर पण लावलेला नसावा? शेवटी आम्ही दोघींनी त्याच्या भावाला फोन करून बोलावलं.

ताई होती तोवर पाचपैकी साडेचार, नंतर दोन. घ्यायचं असेल तर आधी एक रविवार फुकट बसू द्या म्हणा, आणि सिनिअरला त्याचा नापास झालेला पेपर दाखवायला सांगा. मिळालेल्या पोस्टचा फोटो दाखवायला लागला तर उठून या.