सरळ, ड्रॉप की दूधवाल्याचं हँडल?

माझी तक्रार मनगटाची नव्हती, करंगळीची होती. कोथरूडहून पहाटे सायकलवर निघून सिंहगडाच्या पायथ्याला डोणज्यात पोचेपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर. चहाचा कप नीट धरलाय की नाही, हे बघूनच कळायचं. घरी आल्यावर कुलपात किल्ली फिरवताना ती हमखास हातातून पडायची. त्या दोन बोटांकडे जाणारी नस तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने, मनगटाजवळून जाते आणि सरळ हँडलवर माझा सगळा भार नेमका तिथेच यायचा. तळहाताला टेकू देणाऱ्या रुंद ग्रिपा लावून बघितल्या. आधी वडगावला येणाऱ्या मुंग्या मग खडकवासल्याला यायला लागल्या, इतकाच फरक.

तरी शहरात फिरायचं असेल तर सरळ हँडलला नावं ठेवणार नाही. लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा अचानक आडवी आली तर बोटं ब्रेकवरच असतात. अर्ध्या तासाचीच सायकल असेल तर पुढचं वाचूही नका.

मग एका मित्राची ड्रॉप हँडलवाली, म्हणजे शर्यतीच्या सायकलसारखं पुढे येऊन खाली वळलेलं हँडल असलेली सायकल महिनाभर वापरली. ब्रेकच्या वरच्या उंचवट्यावर हात ठेवले की तळवे समोरासमोर येतात, करंगळी शांत राहते. समोरून वारा असेल तर खाली वाकता येतं, आणि कात्रजचा घाट चढताना तर मजा आली. पण तेच हँडल माझ्या हायब्रिडला, म्हणजे सरळ हँडलच्या साध्या गिअरवाल्या सायकलला, बसवायचं म्हटलं की गणित बिघडतं. ड्रॉपची नळी २३.८ मिलिमीटर, सरळची २२.२, त्यामुळे ब्रेकचे लिव्हर आणि गिअरचे खटके सगळेच बदलावे लागतात. शिवाय सरळ हँडलच्या फ्रेमा बहुधा लांब असतात, त्यावर ड्रॉप आणखी पुढे येतो. ज्याला लांब पल्ल्याचीच हौस आहे, त्याने थेट ड्रॉपचीच सायकल घ्यावी, असं आपलं मला वाटतं.

शेवटी मी मागे वळलेलं हँडल लावलं, जुन्या दूधवाल्याच्या सायकलला असतं तसं. हात मोकळे सोडून उभे राहा आणि कोपरातून वर उचला; तळवे एकमेकांकडे बघतात. पकड साधारण तशीच येते. नळी २२.२ चीच, म्हणून जुने लिव्हर आणि खटके तसेच चढले, केबल मात्र लांब घालाव्या लागल्या. माझ्या स्टेमचा, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचा, जबडा ३१.८ चा आणि हँडल मध्यभागी २५.४, हे दुकानदाराने विकताना सांगितलं नाही. मधली फट भरणाऱ्या पातळ कड्यासाठी, म्हणजे शिमसाठी, पुन्हा चक्कर झाली. तुम्ही आधीच मोजून जा.

तोटे आहेत. उभं राहून चढ मारताना अवघडल्यासारखं होतं, अगदी छोट्या वळणावर गुडघा ग्रिपला लागतो, आणि पाठ ताठ झाल्याने प्रत्येक स्पीडब्रेकर थेट बुडाला कळतो. शेजारचे काका "किती लिटर घालता?" विचारतात ते वेगळंच. पण किल्ली पडत नाही.

हँडल घ्यायच्या आधी एकदा सीटचं टोक तेवढं बघा. ते खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सारखे पुढे घसरता आणि भार हातांवरच येतो, मग हँडल कुठलंही असो.